विरघळणारे टाके आणि विरघळणाऱ्या पट्ट्या : घरी जखम कशी सांभाळावी

शस्त्रक्रियेनंतर घरी निघताना "टाके विरघळणारे आहेत, काढायला यायला नको" हे वाक्य कानावर पडले की रुग्ण आणि नातेवाईक सहसा दोनपैकी एक टोक गाठतात. काहींना वाटते की आता जखमेकडे पाहण्याचेही कारण उरले नाही, तर काही जण आठव्या दिवशी दोऱ्याचे टोक दिसले की "अजून विरघळला कसा नाही" म्हणून तो चिमटीत धरून ओढून पाहतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज असतो : दोरा विरघळला म्हणजे जखम भरली आणि दोरा दिसतो आहे म्हणजे जखम भरलेली नाही. प्रत्यक्षात दोऱ्याची ताकद आधी जाते, दोरा नाहीसा होतो तो बऱ्याच नंतर, आणि शिवलेल्या जागेला बळकटी येण्याचे वेळापत्रक या दोन्हींहून वेगळे असते. त्वचेची जखम वरून मिटलेली दिसत असली, तरी तीन आठवड्यांनी तिच्यात मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच ताकद असते. ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचायला तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि पूर्वीइतकी ती बहुधा कधीच होत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या हिशोबावर आधारलेल्या आहेत.

घरी निघण्यापूर्वी काय विचारावे

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : सगळेच टाके विरघळणारे आहेत, की फक्त आतले? खोल जखम थराथराने शिवली जाते. आतल्या थरात विरघळणारा दोरा आणि वर त्वचेला नायलॉनचा दोरा किंवा स्टेपलच्या पिना, अशी पद्धत अगदी सर्रास आहे. रुग्णाच्या लक्षात मात्र फक्त "विरघळणारे" एवढाच शब्द राहतो आणि वरचे टाके वेळेवर काढायचे राहून जातात. चेहऱ्यावरचे असे टाके साधारण पाचव्या दिवशी, डोक्यावरचे सात ते दहा दिवसांत आणि हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. ते त्याहून बराच काळ राहिले, तर दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा कायमच्या उमटतात आणि दोऱ्याच्या वाटेने जंतूंना आत शिरण्याची संधी मिळते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर दोऱ्याचे नाव लिहून मागावे. सिस्टरना विचारल्यास बहुतेक ठिकाणी त्या सांगतात आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

दुसरा प्रश्न दोरा कशाचा आहे याचा. कॅटगट हा जुना विरघळणारा दोरा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनतो आणि आपल्याकडे तो आजही वापरात आहे. युरोपात आणि जपानमध्ये गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वापर थांबला. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंजही डुकरांपासून किंवा गुरांपासून मिळवलेला असतो. ज्यांना धार्मिक कारणाने, आहाराच्या व्रतामुळे किंवा ॲलर्जीमुळे प्राणिजन्य पदार्थ नको असतात, त्यांनी हे ऑपरेशन ठरतानाच सांगावे. कृत्रिम दोरे सहज उपलब्ध आहेत, त्यामुळे ही मागणी अवाजवी ठरत नाही. टाके घालून झाल्यावर हा विषय काढला, तर मनस्तापापलीकडे काही हाती लागत नाही.

कोणता दोरा किती दिवस टिकतो

कॅटगट हे प्रथिन असल्याने शरीर त्याला विकरांच्या साहाय्याने पचवते. साध्या कॅटगटची पकड सात ते दहा दिवसांत जाते, आणि क्रोमिक क्षारांची प्रक्रिया केलेले, तपकिरी रंगाचे क्रोमिक कॅटगट दोन ते तीन आठवडे धरून ठेवते. जागा सतत ओली असेल, जंतुसंसर्ग झालेला असेल किंवा रुग्णाला ताप असेल, तर हा दोरा ठरल्यापेक्षा लवकर सुटतो, आणि तोच त्याचा मोठा दोष आहे.

कृत्रिम दोऱ्यांचे काम निराळ्या पद्धतीने चालते. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा दोरा १९७०च्या सुमारास आणि पॉलिग्लॅक्टिन ९१०, म्हणजे व्हिक्रिल या नावाने सर्वांना ठाऊक असलेला जांभळा दोरा, १९७०च्याच दशकात शस्त्रक्रियागृहांत आला. त्यात ग्लायकोलाइड ९० टक्के आणि लॅक्टाइड १० टक्के असते. ९१० हा आकडा त्या प्रमाणावरूनच आला आहे. शरीरातल्या पाण्यानेच त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात, त्यांतून ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि शरीर ते आपल्या नेहमीच्या चयापचयात सामावून घेऊन अखेर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या रूपात बाहेर टाकते. पेशींच्या हल्ल्यावर अवलंबून नसल्यामुळे या दोऱ्याचा हिशोब बऱ्यापैकी ठरलेला असतो : दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के ताकद, तीन आठवड्यांनी निम्मी, चार आठवड्यांनी पाव, आणि दोरा पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस. याच दोऱ्याच्या जलद प्रकाराची ताकद पाच दिवसांत निम्मी होते आणि दोन आठवड्यांत संपते. लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या जखमा आणि बाळंतपणातले खालचे टाके यांसाठी तो सोयीचा पडतो. त्वचेखालून ओवला जाणारा मोनोक्रिल तीन आठवड्यांत पकड सोडतो, पण त्याचा अंश तीन-चार महिने आत राहतो. पोटाच्या भिंतीतला पांढरा कठीण पडदा फार हळू भरतो, म्हणून तिथे पीडीएससारखा दोरा लागतो. त्यात चार आठवड्यांनंतरही निम्मी ताकद शिल्लक असते आणि तो पूर्ण विरायला सहा महिने किंवा अधिक लागतात.

पाकिटावरच्या आकड्यांचाही अनेकांना गोंधळ होतो. ३-० म्हणजे तीन शून्ये आणि ५-० म्हणजे पाच; शून्यांची संख्या जितकी अधिक, तितका दोरा बारीक. पाच शून्यांचा दोरा चेहऱ्यासाठी असतो, तो "हलका" किंवा स्वस्तातला नसतो.

शरीर स्वतःच नाहीसे करील अशा वस्तूने शिवण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अश्मंतकाची म्हणजे दसऱ्याला आपण सोने म्हणून देतो त्या आपट्याची साल, ताग, जवसाचा धागा, स्नायू (म्हणजे कंडरा) आणि केस हे शिवण्याचे साहित्य सांगितले आहे. आणि फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून धरवायच्या आणि त्यांची डोकी तशीच ठेवून आतडे पोटात परत घालायचे, असा उपायही आहे. घरी यातले काहीही करून पाहू नये, हे सांगायला नकोच.

पहिले दोन दिवस आणि आंघोळ

पहिले ४८ तास पट्टी कोरडी आणि जागच्या जागी ठेवावी, कारण एवढ्या वेळात कडा एकमेकींना चिकटून वरचे पातळ आवरण तयार होते. पट्टीवर रक्ताचा लहान डाग दिसला तर ती उघडू नये. डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी आणि तो रेघेबाहेर वाढतो आहे का ते पाहावे. वाढत असेल तर वरून स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाब द्यावा, मध्ये मध्ये उचलून पाहू नये, आणि तरीही थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.

दोन दिवसांनंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आंघोळ करता येते. आंघोळीच्या पाण्याने टाके विरघळून जातील ही भीती निराधार आहे, कारण आतला दोरा आधीपासूनच शरीराच्या ओलाव्यात असतो. मात्र तांब्याने अंगावर पाणी घेताना जखमेवर जोराची धार मारू नये, साबण लावून चोळू नये, आणि बादलीतल्या पाण्यात जखम बुडवून ठेवू नये. पोहण्याचा तलाव, नदी आणि विहीर जखम पूर्ण मिटेपर्यंत वर्ज्य. नंतर स्वच्छ, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. सगळ्या घराचा एकच टॉवेल असेल, तर जखमेसाठी धुऊन उन्हात वाळवलेला वेगळा पंचा ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट शिवलेल्या जखमेवर रोज लावू नये. ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही मारतात. बीटाडीन किंवा एखादे मलम डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे दिवसच वापरावे. जखम टाक्यांऐवजी वैद्यकीय गोंदाने चिकटवली असेल, तर त्यावर कोणतेही मलम किंवा तेल लावू नये, कारण त्याने गोंद मऊ पडून आधीच सुटतो; तो एरवी पाच ते दहा दिवसांत आपोआप पापुद्र्यासारखा निघतो.

हळदीबद्दल दोन शब्द. घरातली हळदपूड निर्जंतुक नसते, आणि शिवलेल्या फटीत बसलेले तिचे कण बाहेर काढणे कठीण जाते; शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली आणि पू दोन्ही झाकले जातात. दुधातून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. भात, बटाटा किंवा आंबट खाल्ल्याने जखमेत पाणी होते ही समजूतही सोडून द्यावी, कारण तिच्यापायी आजारी माणसाचे ताट रिकामे होते. जखम भरायला प्रथिने लागतात : डाळ, उसळी, दूध, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते. क जीवनसत्त्वाशिवाय नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, नीट बनत नाही, तेव्हा लिंबू आणि आवळा ताटातून काढून टाकणे म्हणजे उलटाच कारभार झाला.

टाके रोज कसे पाहावे

दिवसातून एकदा, चांगल्या उजेडात, हात साबणाने धुऊन जखम पाहावी. पाठीवर किंवा पोटाच्या खालच्या भागात असेल तर आरसा किंवा मोबाइलचा फोटो उपयोगी पडतो, आणि रोजचा फोटो जपून ठेवला तर "कालपेक्षा वाढले का" या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर सोपवावे लागत नाही. कडेने बारीक गुलाबी रेघ, थोडी खाज, हलका ताण आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पाण्यासारखा पिवळसर स्राव हे अपेक्षित आहे. लाली रोज पसरत जाणे, जागा गरम आणि कडक होणे, तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, दाट किंवा दुर्गंधी पू, कडा फाकणे आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांना ताप आणि वेदना उशिरा जाणवतात, म्हणून त्यांनी नुसत्या लालीवरूनही सावध व्हावे.

त्वचेच्या बाहेर राहिलेल्या दोऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दोऱ्याचा जो भाग शरीराच्या ऊतींत बुडालेला असतो, तोच विरघळतो. बाहेरचे टोक कोरड्या हवेत असल्याने तसेच राहते आणि आतला भाग झिजून सुटला की गळून पडते. म्हणून आंघोळीनंतर कापडावर दोऱ्याचा तुकडा किंवा आख्खी गाठ दिसली, तर ते ठरल्याप्रमाणे घडले आहे असे समजावे. टोक कपड्यात अडकून खुपत असेल, तर ड्रेसिंगच्या खोलीत ते कापून घ्यावे. ओढू नये, कारण ओढलेला दोरा बाहेरचे जंतू आतल्या वाटेने घेऊन जाऊ शकतो.

बाळंतिणीचे टाके

खालचे टाके बहुतेक ठिकाणी विरघळणाऱ्या दोऱ्याचेच असतात आणि ते काढावे लागत नाहीत. प्रत्येक वेळी लघवी किंवा शौच झाल्यावर कोमट पाण्याने पुढून मागे धुवावे, टिपून कोरडे करावे आणि पॅड दर तीन-चार तासांनी बदलावे. डॉक्टरांनी सांगितल्यास कमरेपुरते कोमट पाणी असलेल्या स्वच्छ टबात दहा मिनिटे बसल्याने सूज आणि ताण कमी होतो. सर्वांत मोठा शत्रू बद्धकोष्ठ आहे : पाणी भरपूर प्यावे, पालेभाजी आणि फळे खावीत, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ईसबगोल घ्यावा, आणि शौचाला जोर करू नये. टाक्यांवर बसणे अवघड जात असेल तर कुशीवर झोपून पाजावे.

शेक-शेगडीची प्रथा अजून अनेक घरांत आहे. ओवा-शेपाची धुरी घेण्यासाठी खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून बाळंतिणीला खाटेवर निजवतात. नाजूक, सुजलेल्या आणि काहीशा बधिर झालेल्या जागेला भाजल्याचे लगेच कळत नाही, आणि भाजलेल्या त्वचेत टाका धरत नाही. पाठ-कंबर शेकायला हरकत नाही, पण टाक्यांची जागा निखाऱ्यापासून आणि धुरापासून दूर ठेवावी. मालिश करणाऱ्या बाईलाही आधीच सांगून ठेवावे की तेलाचा हात टाक्यांवर येता कामा नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणे सुनेपेक्षा दवाखान्यातल्या सिस्टरला सोपे जाते, म्हणून सासूबाईंना डिस्चार्जच्या वेळी सोबत न्यावे, हा व्यवहाराचा सल्ला.

सिझेरियनमध्ये गर्भाशय आणि पोटाचे आतले थर विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात. त्वचेचे टाके मात्र दोन्ही प्रकारचे असू शकतात, तेव्हा वरचा प्रश्न इथे जरूर विचारावा. आडव्या टाक्यांवर पोटाची घडी येत असेल तर घाम साचतो. तिथे स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून जागा कोरडी राखावी. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. भरलेली कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅसचा सिलिंडर आणि मोठे मूल हे सगळे यात मोडते. दोन आठवड्यांनी वरची रेघ छान मिटलेली दिसते आणि नेमका त्याच सुमारास घरकामाला हात लागतो, पण आतल्या थरांचे काम तेव्हा अर्धेही झालेले नसते. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी घट्ट धरावी; उठताना आधी कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे.

तोंडातले टाके

तोंडात दोरा सतत लाळेत असतो, त्यामुळे कॅटगट तिथे काही दिवसांतच सुटतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना दोऱ्याचा तुकडा जिभेवर आला तर घाबरू नये. चुकून गिळला गेला तरी अपाय होत नाही. दात काढलेल्या खड्ड्यात दंतवैद्य कधी जिलेटिनचा स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी ठेवतात. रक्त शोषून ही वस्तू काळपट, चिकट दिसू लागते आणि लोक तिला घाण समजून काडीने किंवा दात कोरणीने काढायला जातात. ती तशीच राहू द्यावी : सेल्युलोजची जाळी साधारण एक-दोन आठवड्यांत आणि जिलेटिनचा स्पंज चार ते सहा आठवड्यांत शरीर स्वतः शोषून घेते. पहिले २४ तास गुळण्या, जोरात थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे, कारण त्याने खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळुवार खळखळावे. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कळ कानापर्यंत जाऊ लागली आणि तोंडाला वास येऊ लागला, तर गुठळी निघून खड्डा कोरडा पडल्याची ती खूण असते. नुसत्या वेदनाशामक गोळीवर दिवस ढकलू नयेत.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री पूर्ण बंद. मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखूत धरत नाहीत, "दात घासते" एवढेच सांगतात, म्हणून दंतवैद्याने तसे नेमके विचारावे आणि घरच्यांनीही लपवू नये. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते. हे तोंडाइतकेच पोटाच्या आणि पायाच्या जखमांनाही लागू आहे.

मुलांच्या कपाळावर किंवा हनुवटीवर घातलेल्या जलद विरघळणाऱ्या टाक्यांबाबत एकच सांभाळायचे : खाजवणारा हात. नखे कापावीत आणि झोपताना जखम झाकावी.

ओल्या जखमांवरची समुद्रशैवालाची पट्टी

मधुमेही पायाच्या जखमांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शय्याव्रणांसाठी डॉक्टर कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी लिहून देतात. तिला विरघळणारी म्हटले जाते ते वेगळ्या अर्थाने. टाक्याचा दोरा शरीरात सामावला जातो. ही पट्टी जखमेवरच बुळबुळीत होते आणि धुऊन काढायची असते. तपकिरी समुद्रशैवालापासून काढलेल्या अल्जिनेटचे हे मऊ, पांढरे, कापसासारखे तंतू असतात. जखमेतल्या स्रावात सोडियम असते. ते तंतूंतल्या कॅल्शियमची जागा घेते, तंतू पाणी शोषून फुगतात, आणि भिजलेल्या सब्जाच्या बियांभोवती येतो तसा थर जखमेवर तयार होतो. सुटलेले कॅल्शियम रक्त गोठायला मदत करते, आणि काढताना नव्या कोवळ्या मांसाची सालपटे निघत नाहीत. कोरडी गॉज उपटून काढताना रुग्णाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण हे सगळे स्राव असेल तरच. कोरड्या जखमेवर किंवा काळ्या कडक खपलीवर ही पट्टी लावली, तर ती तिथला उरलासुरला ओलावा ओढून घेते आणि चिकटून बसते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणून लावायची ही वस्तू नाही.

बदलताना क्रम असा ठेवावा. औषधाच्या दुकानातून निर्जंतुक नॉर्मल सलाईनची बाटली, गॉज, कात्री आणि हातमोजे आणावेत. उघडलेली बाटली २४ तासांनंतर वापरू नये. हात धुऊन बाहेरची पट्टी सोडावी. आतला थर जेलसारखा झालेला असेल तर सलाईनच्या हलक्या धारेने तो वाहून जातो. कुठे तंतू चिकटलेले दिसले तर त्यावर सलाईनने भिजवलेली गॉज पाच-दहा मिनिटे ठेवून थांबावे, नखाने किंवा चिमट्याने खरवडू नये. हे जेल पिवळसर-तपकिरी असते आणि त्याला समुद्रासारखा हलका वास येतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते हमखास पू वाटते. म्हणून निर्णय धुतल्यानंतरच करावा : धुतल्यावर जखमेचा तळ लालसर, ओलसर आणि दाणेदार दिसत असेल आणि वास गेला असेल, तर जखम चांगली आहे, धुऊनही वास राहिला, तळ राखाडी किंवा काळा दिसला, किंवा भोवतीची लाली पसरली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतर भोवतीची त्वचा टिपून कोरडी करावी, जखमेचा तळ मात्र ओलसरच राहू द्यावा. नवी पट्टी जखमेच्या आकाराची कापावी. ती निरोगी त्वचेवर पसरली तर ती त्वचा सतत ओली राहून पांढरी आणि भुसभुशीत होते, आणि जखम रुंदावते. खोल खड्डा असेल तर दोरीसारखी लांब पट्टी सैलसर भरावी, ठासून भरू नये, आणि टोक बाहेर ठेवावे, म्हणजे आत तुकडा राहून जाणार नाही. खड्ड्यात एकाहून अधिक तुकडे घातले असतील तर त्यांची संख्या वहीत लिहावी आणि काढताना मोजून घ्यावी. वरून शोषक पॅड ठेवून रोलर बँडेज हलक्या हाताने बांधावे. बोटे थंड किंवा निळसर वाटली तर ते लगेच सैल करावे. बाहेरच्या पॅडवर ओल दिसू लागली की पट्टी बदलायची वेळ झाली : सुरुवातीला हे रोज करावे लागेल, नंतर दोन-तीन दिवसांनी. काढताना पट्टी कोरडीच, न फुगलेली सापडू लागली, तर जखमेला आता तिची गरज उरलेली नाही, हे डॉक्टरांना सांगावे.

आणि पायाच्या जखमेवर कितीही महागडी पट्टी लावली, तरी रुग्ण त्याच पायावर भार देऊन चालत राहिला, तर तिचा खर्च वाया जातो. भार काढणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि रक्तपुरवठा तपासून घेणे, पट्टीचा क्रमांक यानंतर येतो.

भाजलेल्या जागेवरची कोलॅजनची पातळ पट्टीही अशीच गैरसमजाची धनी होते. स्वच्छ, वरवरच्या भाजण्यावर डॉक्टर ती चिकटवतात. ती वाळून कागदासारखी कडक होते, आणि खालची त्वचा तयार होत गेली की कडेने सुटू लागते. सुटलेली कड कात्रीने कापावी, मधला भाग ओढू नये, आणि ती कोरडी ठेवावी. तिच्याखाली पाणी किंवा पू साचून फुगवटा दिसला तर मात्र न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

महिन्यांनंतर बाहेर आलेला दोरा

जखम भरून, सगळे विसरल्यावर दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, व्रणावर एखादी लहान पुळी येते आणि फुटून त्यातून दोऱ्याची गाठ डोकावते. गाठीत दोऱ्याचे अनेक पदर असल्याने तीच सर्वांत शेवटी विरघळते, आणि ती त्वचेच्या जवळ असेल तर शरीर तिला शोषण्याऐवजी बाहेर ढकलते. यात शस्त्रक्रियेची चूक नसते. जागा स्वच्छ ठेवावी, पुळी दाबू नये, आणि डॉक्टरांकडे जाऊन दिसणारी गाठ कापून घ्यावी. हे काम मिनिटभराचे असते आणि त्यानंतर जागा थोड्याच दिवसांत सुकते. एकामागून एक अशा पुळ्या येऊ लागल्या, किंवा एकाच छिद्रातून आठवड्यानुआठवडे पाणी येत राहिले, तर आत न विरघळणारा दोरा, आधारासाठी बसवलेली जाळी किंवा जुना संसर्ग आहे का हे तपासावे लागते. त्या वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न कोणता दोरा वापरला होता हा असेल, म्हणून दोऱ्याचे नाव लिहिलेले डिस्चार्ज कार्ड तोपर्यंत जपून ठेवावे.